मागं गेलेला हात

बिरदेववाडी, अणदूरशेजारी
९ नोव्हेंबर १९८७

मुक्ते,

लिहायला तूच शिकवलंस, आता वाच. दुसऱ्या कुणी शिकवलं असतं तर त्याच्या माथी मारलं असतं.

आठ वर्षं तुला एक ओळ टाकली नाही, आताही टाकली नसती. खुशाली विचारायला हे पत्र नाही. तू येडशीच्या स्टेशनात पार्सलच्या खोलीत बसतेस, तिकिटाच्या खिडकीवर बस म्हटलं तरी बसत नाहीस, एवढं मला कळलंय. तेवढं पुरे. काम आहे म्हणून लिहिते.

व्यंकट मास्तर परत आलाय.

परवा साखर कारखान्याची जीप घेऊन वाडीवर आला. टक्कल पडलंय, पोट सुटलंय, पण नजर तीच. बाजारात दलाल मेंढरं बघतो तशा पोरी बघतो. पाय बघतो, खांदा बघतो, दात तेवढे उघडून बघत नाही. आता तो कारखान्याच्या खेळाच्या वसतिगृहाचा मुख्य आहे म्हणे. शाळेपुढच्या मैदानात त्यानं वाडीतल्या पोरी पळवल्या. माझी म्हाळसा सगळ्यांच्या पुढं. मागच्या पोरी एवढ्या मागं की तिनं वळून बघितलं, कुणी येतंय का नाही म्हणून.

मास्तर मला म्हणाला, "धुरपताबाई, रक्त बोलतंय."

मी म्हणाले, "मास्तर, तुमी त्यात काय घालू नका, म्हंजे बोलंल ते."

तो हसला, त्याच्याबरोबर चार लोक हसले. "बाईचा राग अजून गेला न्हाय," म्हणाला. राग काय पाहुणा आहे, जेवून जायला?

तर असं आहे. वसतिगृहात दोन वेळचं जेवण, शाळा, कपडे, खिळ्याचे बूट. यंदा आमची ज्वारी गुडघ्याला आली आणि तिथंच वाळली. निम्मी मेंढरं भीमेकडं धाडली, निम्मी विकली. म्हाळीच्या बापानं मास्तरला होय म्हणून टाकलं. तेरा डिसेंबरला रविवारी जीप येणार आणि पोरगी जाणार. मी नाही म्हणाले. तर म्हाळीचा बाप, जो पंधरा वर्षांत माझ्यापुढं मोठ्यानं बोलला नाही, तो सगळ्या वाडीपुढं म्हणाला, "तू कोण न्हाय म्हणणार? सुया तुझ्याच पिशवीत घावल्या हुत्या."

म्हणून लिहिते. त्या सुया माझ्या नव्हत्या हे जगात तीन माणसांना माहीत आहे. एक मी, माझं कुणी ऐकत नाही. एक मास्तर, तो सांगणार नाही. तिसरी तू.

ये. वाडीपुढं उभी राहा, खंडोबाचा भंडारा उचल आणि सांग ती सुयांची डबी कुणाची होती. भंडारा हातात घेऊन बोललेलं आमच्यात कुणी परत तपासत नाही, तुला माहीत आहे. मागच्या वेळी तू हात मागं घेतलास. मी देवळाच्या पायरीपाशी बायकांत बसले होते. बोलणं ऐकू आलं नाही, पण वाडीचा न्याय करणाऱ्या म्हाताऱ्या वीरप्पानं हळदीचं ताट पुढं केलं आणि तुझा हात पाठीमागं गेला, ते मी ह्या डोळ्यांनी बघितलं. आता तो पुढं कर.

धुरपता


१७ नोव्हेंबर १९८७

मुक्ते,

पोस्टमन कल्याणप्पा रोज सायकलवरून येतो आणि लांबूनच मान हलवतो. त्याला वाटतंय ह्या बाईचं काहीतरी वेगळंच चाललंय. तुझं उत्तर नाही.

तू विसरली असशील. पार्सलच्या खोलीत बसून माणूस काय काय विसरतो. मी आठवण करून देते.

बहात्तरचा दुष्काळ. तलावाचं काम. तुमच्या बुद्धवाड्याच्या बायकांची माती टाकायची रांग वेगळी, आमची वेगळी. पण सरकारी सुकडी वाटायची गाडी आली की सगळ्या रांगा मोडायच्या. सगळ्या पळायच्या. मी पहिली, दोन पातेली घेऊन, एक माझं, एक सासूचं. मागनं तू ओरडत यायचीस, "अक्का, एखाद्या दिवशी तरी मागं ऱ्हा की गं, माझ्या पातेल्यात नुसता भुगा येतोय." मी राहिले नाही. पण अर्धं पातेलं तुझ्यात रिकामं केलं. ते सासूचं असायचं, ते वेगळं.

व्यंकट मास्तर त्या कामावर हजेरी घ्यायचा. शाळेतला कवायतीचा मास्तर, सरकारनं दुष्काळात हजेरीला बसवलेला. त्यानं आपल्याला बघितलं. मला चड्डी घालून पळवायला त्याला माझ्या सासूच्या पाया पडावं लागलं होतं, ते तरी आठवतंय का? सासू म्हणाली, "लुगड्यात पळंल. लांडग्यामागं लुगड्यातच पळती." उस्मानाबादला मी काष्टा मारूनच पळाले आणि पहिली आले. पुण्याला मात्र चड्डी घातली.

पुण्याचं सांगू? म्हाळी अंगावर पिणारी होती. मी रेषेवर गेले की ती तुझ्या मांडीवर. माझी शर्यत झाली की मी तिला पाजायला घ्यायची आणि तू रेषेवर जायचीस. लोक बघायचे, ह्या कुठल्या बाया. शंभरात मी पहिली, दोनशेत मी पहिली. पुढच्या वर्षी परत तेच. राज्यात पहिली, मुक्ते. एकदा नाही, दोनदा. पेपरात आलं, "कु. द्रौपदी, सोलापूर." नाव बदललं, गाव बदललं आणि लेकुरवाळीला कुमारी केलं. इथं तहसीलदाराला विचार, धुरपता कोण? म्हणेल, कुठल्या गावची, काय काम आहे? एक चषक घरात आहे. कोंबड्यांना ज्वारी टाकायला त्याचं माप बरं पडतं.

मग कारखान्यानं मास्तरला शिकवायला ठेवलं आणि आपल्याला कामावर घेतलं. काम एकच, छातीवर कारखान्याचं नाव घालून पळायचं. मोळी टाकायच्या दिवशी आपल्याला व्यासपीठावर उभं केलं, उसाच्या दोन्ही बाजूंना, जशा काय आपणच गाळायला आणलेल्या. मी तेव्हा तुला म्हणाले होते आणि तू तोंडावर पदर धरून हसली होतीस. तेव्हा तुझं हसणं बारीक होतं.

पुढं मास्तर मुंबईहून ती डबी घेऊन आला. ताकदीची सुई. सगळ्या पोरींची रांग लावली. मी विचारलं, ह्याचं नाव काय? तो म्हणाला, "नावाशी तुला काय करायचंय?" मी म्हणाले, "बिननावाचा पाहुणा मी उंबऱ्यात घेत न्हाय, अंगात कुठनं घेऊ?" आणि रांगेतनं बाहेर आले. तू माझ्या मागं होतीस. तू बाही वर केलीस.

पावसाळा सरायच्या आत तू मला मागं टाकलंस. तू आणि कारखान्याच्या सगळ्याच पोरी. मी चौथी यायला लागले, मी पाचवी. मला वाटलं, म्हातारी झाले. तुझा आवाज जड झाला, तू म्हणालीस सर्दी आहे. सर्दी उतरली नाही. हनुवटीला हात लावून बसायची सवय लागली तुला. मग एक दिवस म्हणालीस, अक्का, पाळी येईना, कुणाला सांगू नको.

मी सांगितलं. दिल्लीला जायची निवड होती, मोठे साहेब आले होते. मैदानाच्या मधोमध जाऊन मी म्हणाले, साहेब, तुमच्या पोरींना सुया टोचतात, तपासा. तपासलं ना त्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या राहायच्या तंबूत झडती घेतली आणि डबी माझ्या पिशवीत निघाली.

तू तिथंच उभी होतीस. मास्तर कपाळाला हात लावून म्हणाला, "आपलीच बाई अशी निघंल असं वाटलं नव्हतं." तू आपल्या चपलेकडं बघत होतीस.

सुई न घेतलेली मी एकटी, आणि सुईवाली म्हणून हाकलली ती मीच. घरी आले तर माझ्या आधी बातमी आलेली. मी भंडारा उचलला तर म्हणाले, जिच्यावर आळ तिनं उचलून काय उपयोग, साक्षीदार आण. मी तुला आणलं. तू हात मागं घेतलास.

आठवलं का आता? नसेल तर परत लिहीन. कागद आहेत अजून.

धुरपता


२६ नोव्हेंबर १९८७

मुक्ते,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर अजून चांगलं आहे. मी चारदा वाचलं, मग म्हाळीला वाचायला लावलं, मला वाटलं मीच चुकीचं वाचते.

तू लिहितेस, "अक्का, माझ्या बापानं घरातले देव टोपलीत घातले आणि बोरी नदीत सोडून आला. त्यानंतर आमच्या घरात हळद फक्त भाजीत. मी भंडारा उचलला असता तर तुझ्यासाठी खरं बोलले असते आणि बापाशी खोटं. मला नुसतं बोलायचं होतं. मी तोंड उघडलं होतं. वीरप्पा म्हणाला, आधी भंडारा, मग तोंड."

हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. तुझ्या बापाच्या, कोंडिबाबाच्या घरी मी भाकरी खाल्लीय, तिथं देव्हारा नाही हे मी बघितलंय, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला हार. पण देव्हारा नसणं आणि हळदीला हात न लावणं ह्या दोन गोष्टी एकच, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडं भंडारा म्हणजे मिठासारखा. मिठाला कोण नाही म्हणतं? वीरप्पाच्या डोक्यात आलं नाही, सगळ्या वाडीच्या डोक्यात आलं नाही. कुणी विचारलंच नाही तुला, हात का मागं घेतेस बाई म्हणून. हात मागं गेला, एवढं बघितलं आणि सगळे घरी जाऊन जेवले.

आठ वर्षं मी त्या हाताला शिव्या दिल्या. त्या मी परत घेते. लेखी घेते, जपून ठेव.

पण खूष होऊ नको. आता माझं ऐक.

तंबूत झडती झाली तेव्हा तिथं भंडारा कुठं होता? वीरप्पा कुठं होता? तिथं साहेब होते, खुर्च्या होत्या, आणि तू होतीस. तिथं तुला नुसतंच बोलायचं होतं. आधी ताट, मग तोंड असं तिथं कुणी म्हणालं नव्हतं. तिथं तू चपलेकडं का बघत होतीस?

त्याचं उत्तर तुझ्या कार्डात नाही. कार्ड लहान पडलं असेल तर आंतर्देशीय घे.

धुरपता


६ डिसेंबर १९८७

मुक्ते,

आज तुमच्या वाड्यावर सकाळपासून माणसं जमलीत. पोरांनी पांढरे कपडे घातलेत, बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्त्या लावल्यात. म्हटलं आज लिहावं.

तुझं आंतर्देशीय मिळालं. सरळ लिहिलंस, बरं केलंस. रेल्वेच्या नोकरीचा कागद निघायचा होता, मास्तरची सही पाहिजे होती, बाप आजारी होता, भाऊ शाळेत. तू लिहितेस, "मास्तरला तुझ्या पिशवीपाशी वाकलेलं मी बघितलं आणि गप बसले." वाचून मला काय झालं ते मी लिहिणार नाही. पत्रा तापला होता, पाणी आणायचं होतं, मी घागर घेऊन गेले. आडात पाणी नव्हतं, तरी दुपारपर्यंत तिथंच बसले.

आता पुढचं. तू लिहितेस, यायला जमणार नाही, चार माणसांत माझ्यानं बोलवत नाही, आवाज ऐकला की लोक मान वळवून बघतात, स्टेशन मास्तरसुद्धा माझ्याशी चिठ्ठीवर बोलतो, कारण मीच तसं करून घेतलंय.

मुक्ते, मला तुझा तो आवाजच पाहिजे. तुझी सही नको, तुझं कार्ड नको. कार्ड मी म्हाळीच्या बापाला दाखवलं. त्यानं उलटंपालटं करून बघितलं, म्हणाला, "तूच लिहून घेतलं असशील." म्हाळीसुद्धा माझ्या बाजूची नाही, हे तुला सांगून ठेवते. तिला ते खिळ्याचे बूट दिसतात. काल मला म्हणाली, "तू पुण्याला गेलीस, मी का न्हाय जायचं? तुला माझा हेवा वाटतोय, मास्तर म्हणाले तसंच." मी तिच्या एक ठेवून दिली. दिली म्हणून काय खरं पटत नसतं.

आणि भंडाऱ्याचं म्हणशील तर, देव सध्या अणदुरात नाही. तुला माहीत आहे, वर्षातले दोन महिने खंडोबा नळदुर्गला राहायला जातो. जाऊन पंधरा दिवस झाले. देव घरी नसताना भंडारा उचलायचा नाही असा आमच्या वाडीचा नेम आहे. मी मुद्दाम वीरप्पाकडून परत विचारून घेतला, आणि बापापायी तुझा हात मागं गेला तेही त्याला सांगितलं. म्हातारा म्हणाला, "नेम म्हंजे नेम." मी म्हणाले, बरं.

म्हणजे कुणी तुझ्यापुढं ताट धरू शकत नाही. कोंडिबाबाशी तुला खोटं व्हावं लागणार नाही. आता नुसतं तोंड राहिलं.

हसतील. हसू दे. माझ्यावर थुंकले होते, मी मेले का?

नोकरी जाईल म्हणतेस. जाईल, न जाईल, मला रेल्वेचे कायदे कळत नाहीत. गेली तर माझ्याकडं ये, मेंढरं आहेत, थोडी आहेत. म्हाळी तुझ्या मांडीवर वाढलीय. तिचा आवाज अजून बारीक आहे. एवढंच सांगते आणि पत्र बंद करते.

रविवारी, तेरा तारखेला. जीप दुपारी येणार. सोलापूरहून येणारी एस.टी. त्याच्या आधी येते.

धुरपता


१९ डिसेंबर १९८७

मुक्ते,

तू होतीस, तरी लिहिते. एक तर, तू बोलत होतीस तेव्हा तुला समोरचं काही दिसत नव्हतं, हे मी ओळखलं. दुसरं, तू एस.टी.त बसलीस त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही.

तू पारापाशी आलीस, नाकापर्यंत पदर ओढून, तेव्हा मास्तर बुटांचं खोकं उघडून पोरींना दाखवत होता. तुला बघून त्यानं झाकण लावलं. वीरप्पा पारावर बसून म्हणाला, "कोंडिबाची का ही? बस म्हणावं. पर देव नळदुर्गात हाय, भंडारा उचलता येत न्हाय. देव आल्यावर बघू."

मास्तर लगेच म्हणाला, "बरोबर आहे. देव आल्यावर बघू." तोपर्यंत पोरी कारखान्यावर पोचलेल्या असत्या.

तेव्हा मी जे बोलले ते तुला नीट ऐकू गेलं नसेल. मी म्हणाले, "वीरप्पामामा, धनी गावाला गेला की घरातलं कोण बघतं? म्हातारं माणूस बघतं. तुमी ऐका. देव असता तर तुमी तिला तोंड उघडू दिलं नसतं, मागच्या बारीला दिलं न्हाय तसं. आज देवानंच वाट मोकळी करून ठिवलीय."

वीरप्पानं काठीनं मातीत दोन रेघा मारल्या. मग म्हणाला, "बोल बाई."

आणि तू बोललीस. "मी मुक्ता कोंडिबा," एवढंच, तर मागची पोरं फुटली. शिवप्पाचा मोठा पोरगा म्हणाला, "बाई हाय का बापय?" मी उठणार होते त्याच्या कानाखाली द्यायला. पण तू पदर मागं टाकलास. आठ वर्षांनी मी तुझा चेहरा बघितला. आठ वर्षांनी आवाज ऐकला. कोरड्या आडात बादली आपटावी तसा.

"हसा," तू म्हणालीस. "म्या बी पहिल्यांदा हसले हुते, वाटलं सर्दी हाय. ह्यो आवाज माझ्या आईनं दिल्याला न्हाय. ह्या मास्तरनं दिलाय, दंडात सुई घालून. अक्कानं दंड दिला न्हाय. म्हणून तिचा आवाज तिच्यापाशी हाय, आन लेक बी तिच्यापाशी हाय. माझं लगीन मोडलं, मला लेकरू व्हायचं न्हाय. डबी मास्तरची. त्यानं ती अक्काच्या पिशवीत घातल्याली म्या बघितली आन गप बसले, कारण मला नोकरी पायजे हुती. मास्तर, तुमी बी हितंच हाव. न्हाय म्हणा."

त्यानंतर कुणी हसलं नाही, हे तरी तुला कळलं असेल.

मास्तरनं नाही म्हटलं नाही. त्यानं दुसरीकडनं वाट काढली. म्हणाला, "वीरप्पा, तुम्ही शहाणी माणसं. देव न मानणाऱ्याच्या शब्दाला काय किंमत धरता?" आणि लोकांच्या माना हलल्या, मी बघितलं. म्हाळीच्या बापाचीसुद्धा हलली. म्हटलं, संपलं, ह्याला बरोबर जागा सापडली.

वीरप्पा म्हणाला, "आठ वर्षामागं म्या बी हेच म्हणलो हुतो." मग थुंकला आणि म्हणाला, "मास्तर, भंडारा उचलून खोटं बोलल्याली माणसं म्या लई बघितल्यात. बांधासाठी उचलत्यात, बैलासाठी उचलत्यात. ह्या बाईला खोटंच बोलायचं असतं तर तवाच मूठभर हळद उचलून मोकळी झाली असती. देव न्हाय म्हणणाऱ्याला हळद काय, पिवळी माती. तरी तिनं हात लावला न्हाय. जी बापापायी हळदीला बी खोटी व्हईना, ती आज एस.टी.नं खोटं बोलाया येती व्हय?"

मग त्यानं काठी मास्तरकडं केली. "तुमी देव मानताव. पौषात देव परत येतोय. तवा तुमी याल का भंडारा उचलाया?"

मास्तर म्हणाला, "मला कारखान्यावर मीटिंग असते." आणि त्याचा हात मागं गेला, मुक्ते. पँटच्या मागच्या खिशात, जीपची किल्ली काढायला. सगळ्या वाडीनं बघितला.

इथपर्यंत तू होतीस. मग तुझी एस.टी. आली आणि तू न जेवता गेलीस. भाकरी बांधून दिली असती, विचारलं नाहीस.

त्यानंतर शिवप्पानं आपली पोरगी जीपमध्ये बसवली. सगळं ऐकून बसवली. म्हणाला, "सुई दिली तर न्हाय म्हण गं," आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "वैनी, घरात दाणा न्हाय." पोरगी गेली. ती मला झोपताना दिसते. संक्रांतीला मी कारखान्यावर जाऊन तिला बघून येणार आहे, आणि दंड बघितल्याशिवाय उठणार नाही. मास्तरला कळू दे, येणार आहे ते.

म्हाळी गेली नाही. तिचा बाप पाराजवळनं उठला, बुटाचं खोकं मास्तरच्या हातात दिलं आणि घरी आला. दुसऱ्या दिवशी बघते तर कोंबड्यांची ज्वारी डालड्याच्या डब्यात आणि चषक घासून फळीवर. मी परत खाली घेतला. डालड्याच्या डब्याचं माप चुकतं.

म्हाळी दोन दिवस फुगून बसली. मग भाकरी थापताना मागनं येऊन म्हणाली, "मावशीचा आवाज परत यायचाच न्हाय का?" मी म्हणाले, न्हाय. मग तिनं स्वतःच्या गळ्याला हात लावून बघितला आणि पाण्याला गेली.

आपण बहात्तरला खांदलेला तलाव यंदा ठणठणीत वाळलाय. तळ असा सपाट की पुण्याचं मैदान मागं पडावं. काल म्हाळीला तिथं घेऊन गेले. पदर खोचला, काष्टा मारला आणि तिच्याबरोबर पळाले. अडतिशीची बाई मी, गुडघा वाजतोय, आणि मी पुढं आले. थोडीच, पण पुढं. तिला खरं वाटेना. परत पळू म्हणाली. परत मीच पुढं. तिसऱ्यांदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "तू आधी सुटतीस. तूच पळ म्हणतीस आन तूच आधी सुटतीस."

खोटं नाही ते. सुटते मी जरा आधी.

तिच्या बापाला काठावर उभा केला तर तो मेंढरं हाकल्यासारखा हुर्रर्र करतो, दोघी हसायला लागतो आणि पाय उचलत नाहीत. सुटायची खूण द्यायला माणूस पाहिजे, ज्याला पळायचं म्हणजे काय ते कळतं. आणि तलाव मोठा आहे, बारीक आवाज मधेच वाऱ्यात जातो. तुझा ह्या काठावरनं त्या काठापर्यंत जाईल.

तर रविवारी यायचं. दर रविवारी. एस.टी.चं भाडं तुझं तू बघ. येताना चिठ्ठ्या आणू नको, तिथं चिठ्ठी वाचत कोण बसणार. हळदीचं ताट कुणी पुढं करणार नाही. ह्यावेळी जेवून जायचं.

काठावर उभी राहा, हात वर कर आणि पळा म्हण. आम्ही पळतो.

अक्का